आंबापोळीचं पोस्टर

मी शाळेत चित्रकला शिकवते. बाईंचा आवाज मोठा आणि जीभ त्याहून मोठी, असं मुलं म्हणतात, आणि मला ऐकू येईल अशा बेताने म्हणतात.

त्या वर्षी शाळेने ठरवलं, गणपतीच्या आधीच्या शनिवारी हॉलमध्ये विक्री ठेवायची. मुलांच्या आयांनी घरी केलेलं आणायचं: कोकम, कुळथाचं पीठ, पापड, फणसपोळी. मुंबईचे चाकरमानी तोवर आलेले असतात आणि त्यांना हे सगळं हवंच असतं. जाहिरातीची पोस्टरं नववीने करायची, तीही माझ्या तासाला. मी हरखूनच गेले.

फळ्यावर मोठ्या अक्षरात तीन शब्द लिहिले: थांबव, दाखव, पटव. जाणारा माणूस आधी थांबला पाहिजे, मग त्याला वस्तू दिसली पाहिजे, मग ती घ्यावीशी वाटली पाहिजे. हॉलच्या दारातून वाचता आलं नाही तर ते पोस्टर नव्हे, चिठ्ठी. मुलांनी माना डोलावल्या. मला वाटलं, चला, समजलं.

पुढच्या आठवड्यात पोस्टरं आली. अहो, काय सांगू! एकाने लिहिलं होतं, ‘पापड. बरे आहेत.’ दुसऱ्याने लिहिलं होतं, ‘कोकम सरबत मिळेल. यंदा रंग जरा कमी आलाय.’ एकीने इतका देखणा फणस काढला होता की बघत राहावं, आणि खाली बारीक अक्षरात, ‘फणसपोळी. आवडली तर घ्या.’ मी कपाळाला हात लावला.

“अरे, जाहिरात करताय की माफी मागताय?”

वर्ग हसला, पण पोस्टर बदलायला कोणी तयार होईना. खरं तर हे मला आधीच कळायला हवं होतं, मीही संगमेश्वराकडचीच. आमच्या भागात बागेत उभ्या माणसाला विचारावं, आंबा कसा आहे यंदा, तर झाड लगडलेलं असलं तरी तो म्हणणार, ‘हाय आपला बरा.’ आपल्या तोंडाने आपल्याच वस्तूला चांगलं म्हटलं की दृष्ट लागते. माझे मार्क कोणी विचारले की माझी आई म्हणायची, ‘झाली आपली पास.’ मी पहिली आले होते हो! त्याचा राग माझ्या मनात अजून आहे, आणि तो मी त्या पोरांवर काढला.

तिसऱ्या तासापर्यंत बहुतेकांची गाडी रुळावर आली. ‘एक नंबर पापड’, ‘अख्ख्या कोकणात असं कोकम नाही’, वगैरे वगैरे. एक मुलगी तेवढी ढिम्म. पावसच्या बाजूची, कामापुरतं बोलणारी. तिची आई दर मे महिन्यात आंबापोळी घालायची आणि बाजारातल्या एका दुकानदाराला द्यायची. तो त्याचं लेबल लावून विकायचा. पोळी गावाने खाल्लेली, पण ती कोण करतं हे कोणालाच ठाऊक नाही. यंदा पहिल्यांदाच आई स्वतः पोळी घेऊन टेबलाशी बसणार होती. हे मला सांगताना त्या मुलीचा चेहरा असा फुलला होता की मी म्हटलं होतं, “मग तुझं पोस्टर झकासच झालं पाहिजे!”

तिने मेणखडूने चित्र काढलं होतं. घरापुढच्या खळ्यात उन्हात मांडलेली ताटं, ताटांत पसरलेला पिवळाधमक रस, आणि शेजारी काठी घेऊन बसलेली एक मुलगी. खाली नुसतं ‘आंबापोळी’.

“ही काठीवाली मध्येच कशाला? गिऱ्हाईक काय काठी विकत घेणार आहे?”

“बाई, ती मी. कावळे येतात ना, मीच बसते राखण करत.”

“बसत असशील. पण पोळी कशी आहे ते कुठे लिहिलंयस?”

“बरी आहे,” ती म्हणाली.

झालं, माझं डोकं फिरलं. तास संपत आला होता. मी जाड ब्रश लाल पोस्टर कलरमध्ये बुडवला आणि तिच्या चित्रावरून आडवं लिहून टाकलं: ‘अस्सल हापूस! साखरेचा कणही नाही!’ “हे बघ, असं लिहायचं.” तिने तोंड उघडलं आणि परत मिटलं. “हो बाई,” म्हणाली. इथली आंबापोळी म्हणजे हापूसचीच असणार, हे मी धरूनच चालले. विचारलंसुद्धा नाही. वर सगळ्या पोस्टरांचे फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकले.

शनिवारी नऊ वाजता सगळी टेबलं भरली, एकच रिकामं. मागे भिंतीवर माझी लाल अक्षरं. दहा वाजले तरी तेच. ती मुलगी टेबलाशी खाली मान घालून उभी.

“आई कुठाय गो?”

“नाय येत.”

“बरं नाही का तिला?”

“बरी हाय.” आणि एकदम रडायलाच लागली. “बाई, आमची पोळी रायवळाची हाय. आनि साखर घालतो आमी.”

रायवळ म्हणजे कलम न केलेला, बांधाकडेला आपोआप वाढलेला आंबा. ना हापूस, ना बिनसाखर!

“अगं, मग तेव्हाच का नाही बोललीस?”

“तुमी लिवलंत ना.”

हॉल दुसऱ्या बाईंवर सोपवला, तिला स्कूटरवर मागे बसवलं आणि भर पावसात निघाले. वाटेत स्वतःला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तिची आई पडवीत बसली होती. अंगावर चांगली साडी, डोक्यात अबोलीची वेणी, समोर दोन स्टीलचे डबे फडक्याने बांधलेले. म्हणजे निघायची सगळी तयारी करून बाई घरात बसून राहिली होती. मला बघून ती धडपडत उठली, आधी खुर्ची पुढे केली, मग पाणी आणलं.

“पावसात कशाला आलाव बाई? मी देईन दुकानात, दरवर्षी देते तशी.”

“पण आलात का नाही?”

ती जमिनीकडे बघत म्हणाली, “तुमचं लिवलेलं सगल्यांनी वाचलंय. थंय टेबलाशी बसून साखर हाय म्हटलं तर तुमी खोट्या पडाल. नाय म्हटलं तर मी. त्यापेक्षा घरात बरी.”

अशी लाज मला कधी वाटली नव्हती. जिचं नाव पहिल्यांदा लोकांना कळणार होतं, ती माझा शब्द राखायला घरी बसली होती. आणि शब्द तरी कसला, थापच ती!

“अहो, चूक माझी आहे,” मी म्हटलं. “न विचारता लिहिलं मी. चला तुम्ही, मी पुसते ते.”

“पुसाल?”

“पुसते.”

“पोरांसमोर?”

“पोरांसमोर.”

तिने डबे उचलले आणि चपला घातल्या. शेजाऱ्याच्या रिक्षात मायलेकी आणि डबे, मागून मी.

हॉलमध्ये शिरल्या शिरल्या मी आवाज चढवला, त्याचा एवढा तरी उपयोग. “इकडे लक्ष द्या रे! या पोस्टरवरचं मी लिहिलंय आणि ते चूक आहे. पोळी बघितली नाही, चाखली नाही, विचारलं नाही, आणि लिहून मोकळी झाले.” मी ओलं फडकं घेतलं आणि पुसायला लागले. मेणखडूवर पाण्याचा रंग काही धरत नाही. लाल अक्षरं निघाली आणि खालची काठीवाली जशीच्या तशी वर आली. कागदाला थोडी गुलाबी झाक राहिली, ती राहू दिली.

मग ब्रश त्या मुलीच्या हातात दिला. तिने जाड, ठसठशीत, दारातून वाचता येईल अशा अक्षरांत लिहिलं: ‘रायवळ आंबा. साखर आहे. राखण मी केली.’

हुश्श! मी खुर्चीत बसले ती बसलेच.

थोड्या वेळाने एक चाकरमानी पोस्टरपाशी थांबला, वाचून हसला. “ही काठीवाली तूच काय गो?” तिने मान डोलावली. त्याने दोन पाकिटं घेतली आणि बायकोला हाक मारून बोलावलं. मग लोक येतच राहिले. पोस्टर बघायचे, पोरीकडे बघायचे, आईला विचारायचे, “तुम्ही करता का? कुठल्या तुम्ही?” आणि ती आपलं गाव, नाव सांगायची, पहिल्यांदा पुटपुटत, मग नीट. दुपारी दोनला दोन्ही डबे रिकामे. मी त्या दिवसाचा पहिला चहा घेतला आणि तो मला अमृतासारखा लागला.

आवराआवर करताना तिची आई माझ्याजवळ आली. पदराआडून एक पाकीट काढलं.

“ही तुमची, बाई. बाजूला ठेवलेली.”

“कशी आहे?” मी मुद्दामच विचारलं.

तिने इकडेतिकडे बघितलं. जवळ लेकीशिवाय कोणी नव्हतं.

“यंदा चांगली झालीय,” ती हळूच म्हणाली, आणि लगेच लेकीवरून दोन्ही हात उतरवून कानशिलांवर काडकाड बोटं मोडली.