माईकबाईंचा आवाज

माईकबाईंचं खरं नाव बसस्थानकात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नाही. काचेच्या खोलीत बसून त्या गाड्या पुकारायच्या. उशीर असला तर उशीर म्हणायच्या, गाडी रद्द असली तर रद्द. माईकबाईंनी सांगितलं म्हणजे प्रवासी निर्धास्तपणे पिशवी उशाला घेऊन आडवे व्हायचे.

मग स्थानक एका कंपनीकडे चालवायला गेलं. फरशी चकचकीत झाली, दुकानं वाढली, बाकं तेवढी कमी झाली. नव्या मॅनेजरने गोडगोड बोलून बाईंकडून सगळ्या गाड्यांच्या सूचना रेकॉर्ड करून घेतल्या, वर चहा पाजला आणि लगेच त्यांना घरी बसवलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच!

नोकरी गेल्याचं बाईंनी गिळलं. पण परवा थोरल्या जाऊबाई दारातूनच कडाडल्या, "डोंगराकडच्या गाडीसाठी अंधार पडेस्तोवर ताटकळले मी! ती केव्हाच बंद झालीय म्हणे. आणि तू वरून सांगतेस, येतेय, येतेय!"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तडक मॅनेजरपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"तोट्यात जाते हो ती," मॅनेजर हसत म्हणाला. "पण करारात आहे ना! पुकारली नाही तर आम्हाला दंड बसतो."

"आणि धावली नाही तर?"

"ते कोण बघायला येतंय?"

लाज नावाची चीज कंपनीने खरेदीच केली नसावी.

"लोकांना फसवायचं तर स्वतःच्या तोंडाने फसवा," बाई म्हणाल्या, "माझ्या कशाला?"

बाहेर फलाटावर औषधांची पिशवी मांडीवर घेऊन एक म्हातारी बसली होती, आजूबाजूला आणखी चारदोन माणसं.

"उठा! डोंगराकडची गाडी येणार नाही! बंद झालीय ती!" बाई ओरडल्या. संतापाने त्यांचा आवाज पार चिरकला होता. रखवालदाराने धावत येऊन त्यांचा दंड धरला.

तेवढ्यात वरच्या कर्ण्यातून मऊ, ओळखीचा आवाज आला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. डोंगराकडे जाणारी गाडी थोड्याच वेळात..."

"तो माझाच आवाज आहे हो! पण खोटं बोलतोय!"

म्हातारीने कपाळाला आठ्या घातल्या.

"अहो, जरा गप्प बसा की. माईकबाई काय सांगतायत ते ऐकू द्या."