पेन्सिलीतली बाई

आमच्या कुरुंद्यात पेन्सिलीनं चित्र काढून घेतात ते मेलेल्या माणसाचं. तेराव्याच्या आत फोटोवरून काढून घ्यायचं, भिंतीला लावायचं, रोज उदबत्ती दाखवायची. म्हणून माझ्या पोरीनं एका फ्रेंच चित्रकाराचं पेन्सिलचित्र छापून आणून बैठकीत लावलं, तेव्हाच मला ते खटकलं. कॅबरेत नाचणारी बाई होती ती. एक पाय वर, आणि तोंडावर नुसता थकवा.

सासूबाईंना हल्ली वयामुळं काही ध्यानात राहत नाही. "कोणाची सून गेली वं?" असं विचारून त्यांनी त्या नाचणारणीपुढं उदबत्ती लावली. पोरगी हसली. मी तिला म्हटलं, काढ ते. ऐकेल ती कसली? उलट मी भाकरी थापत असताना तिनं माझंच चित्र पेन्सिलीनं काढलं आणि त्या बाईशेजारी चिकटवलं. हुबेहूब आलं होतं.

दुसऱ्या दिवशी अंगणात हळद वाळत घालून मी घरात आले. माझ्या चित्राखाली उदबत्ती जळत होती आणि सासूबाई हात जोडून बसल्या होत्या. माझी चाहूल लागताच त्यांनी वळून पाहिलं, अंग चोरून भिंतीला टेकल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, आता काहून आलीस?"