पोपची पंगत

मी दहावी पास झाले ती हॉस्टेलशेजारच्या मठात स्वयंपाक करणाऱ्या अक्कामुळे, हे आधीच सांगून टाकते. नंतर सांगितलं तर श्रेय माझ्या हुशारीला जाईल, आणि तशी हुशारी माझ्यात कधी नव्हती. अक्काला स्वतःची सहीसुद्धा येत नव्हती.

माझ्या गावी, ठाणाकुशनूरला, सातवीत माझी शाळा सुटली. काही वर्षांनी दोन बस बदलून हुमनाबादला आले आणि मुलींच्या हॉस्टेलात तात्पुरती आया म्हणून लागले. सुपरिंटेंडेंटबाई भल्या, पण कागदाला फार भीत. "दहावीचं सर्टिफिकेट आणलं की कायम करते. या जूनपर्यंत न्हाई आलं, तर दुसरी बाई ठेवावी लागंल," म्हणाल्या. बाहेरून परीक्षा देत होते. गणितसुद्धा निघालं, समाजविज्ञान मात्र दोनदा गेलं. दोन्ही वेळा घात केला तो मध्ययुगातल्या युरोपच्या चर्चनं. पोप, कार्डिनल, आर्चबिशप, बिशप, पाद्री, शिवाय मठ, मठाधिपती आणि संन्यासी. कोण कुणाच्या वर, काही केल्या डोक्यात राहीना. आमच्या गावी कधीमधी बौद्ध भिक्खू, भंतेजी, यायचे, अंगावर एक चीवर आणि हातात एक भिक्षापात्र घेऊन. त्यांच्यावर कोण आणि खाली कोण, असा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नव्हता.

दुपारी मठातली पंगत उठली की मी पुस्तक घेऊन अक्काच्या स्वयंपाकघरात जायची. अक्का लिंगायत, मी बौद्ध. तिनं पहिल्या दिवशी "जेवलीस का?" एवढंच विचारलं होतं. मी मोठ्यानं वाचायची, ती भाजी निवडत ऐकायची.

"पोप म्हंजे आपले मोठे स्वामीजी," अक्का म्हणाली. "त्येंच्या शेजारी कोण बसतंय?"

"कार्डिनल. नवा पोप तेच निवडतात."

"मग त्येंना तूप सढळ वाढावं लागत आसंल."

"तुपाचं पुस्तकात काही न्हाई, अक्का."

"कसलं पुस्तक म्हणायचं मग हे?"

तिनं भाजीची टोपली उपडी केली आणि जमिनीवर पंगत बसवली. कोबीचा गड्डा पोप, वांगी कार्डिनल, दोडका आर्चबिशप, टमाटे बिशप. शेवटी हिरवी मिरची, म्हणजे गावातला पाद्री. "सगळ्यात खाली बसतोय, पर गावाला चटका ह्याचाच," असं तिनं समजावलं. महिनाभर रोज ही पंगत बसायची आणि रोज संध्याकाळी आर्चबिशपांची भाजी व्हायची.

एकदा मी अडले. "ते संन्यासी होते ना? मग त्यांच्या मठांना एवढी जमीन कामून?"

अक्का वर न बघता म्हणाली, "संन्यास माणसाचा असतोय गं. जमीन मठाची."

परीक्षेत प्रश्नपत्रिका हातात आली तेव्हा पुस्तकाचं एकही पान आठवेना. डोळे मिटले तर समोर कोबी दिसला, आणि मग सगळे आपापल्या जागी येऊन बसले. पोपपासून पाद्रीपर्यंतच्या पायऱ्या झरझर लिहिल्या. जमिनीचं अक्काचं वाक्यही तसंच्या तसं लिहिलं. पुढचा प्रश्न मठातल्या दिनक्रमाचा होता. प्रार्थना, शेतकाम, पोथ्या उतरवणं एवढं लिहूनही अर्धं पान उरलं, आणि हात थांबेना. मी लिहिलं, "मठाधिपतींना तूप आधी वाढीत असत. स्वयंपाकीण अक्का सर्वांत शेवटी जेवत असे."

बाहेर पायरीवर बसून पुस्तक उघडलं. संन्याशांच्या मठात स्त्रियांना प्रवेश नव्हता. स्वयंपाक ते पाळीपाळीनं स्वतःच करीत. मी युरोपातल्या मठात चक्क अक्काला नेऊन बसवलं होतं.

तशीच अक्काकडे मठात गेले, तिला सगळं सांगितलं. "आता हा विषय तिसऱ्यांदा जाणार. पेटी बांधायला घ्यावी म्हणते."

अक्काचं लक्ष भलतीकडंच. "बाईला आत येऊच देत नव्हते?"

"न्हाई."

"मग भांडी कोण घासायचं?"

"तेच. पाळीनं."

तिनं घासायची कढई पुढं ओढली. मग म्हणाली, "चांगला धर्म हाय की."

निकाल लागेपर्यंत माझी पेटी बांधलेलीच होती. रोज तिच्यातलं एक लुगडं काढायची आणि धुऊन परत आत ठेवायची. निकालाच्या दिवशी सुपरिंटेंडेंटबाईंनी यादीत माझा नंबर तीनदा तपासला, कारण माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास नव्हता. समाजविज्ञान अगदी काठावर निघालं होतं. अक्काचं म्हणणं, तपासणारा मास्तर उपाशी असणार, तूप वाचून विरघळला. बाईंनी त्याच आठवड्यात कायमचा कागद वर पाठवला.

बदली होऊन आता मी कलबुर्गीला असते. सरकारी क्वार्टर आहे, दोन खोल्यांचं. अक्काला दर वेळी चल म्हणते, "स्वामीजींना कोण वाढंल?" म्हणून ती टाळते. पण तिचं वय झालंय, पातेलं उचलताना श्वास लागतो. ज्या दिवशी ती दमले म्हणेल त्या दिवशी मी तिला घेऊन येईन, आणि माझ्या घरात तिला एक पेलासुद्धा विसळू देणार नाही. हे मी तिला अजून तोंडावर सांगितलेलं नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.