जयसिंगरावांचं मंत्रिमंडळ

आमच्या इमारतीला अध्यक्ष नाही, पंतप्रधान आहेत. जयसिंगराव सांवेरच्या शाळेत तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. त्यांचे खापरपणजोबा होळकरांच्या दरबारात कारकून होते. घरात त्या खापरपणजोबांना 'मुत्सद्दी' म्हणतात. असं रक्त सोसायटीच्या साध्या कमिटीवर कसं समाधान मानणार?

दोन वर्षांपूर्वी बिनविरोध निवडून आल्यावर (दुसरं कुणी उभंच नव्हतं) त्यांनी नियम सांगितला : मंत्र्यांची संख्या, पंतप्रधान धरून, लोकसभेच्या पंधरा टक्क्यांवर जाता कामा नये. आमचे फ्लॅट चाळीस, म्हणजे मंत्री सहा. गच्चीवर शपथविधी झाला. इंदूरच ते, स्वच्छता खात्यासाठी चढाओढ झाली. रघुवीरने ते पटकावलं. सांवेर रोडला कारखाना असलेल्या संजीवला ऊर्जा, तीन गाड्यांच्या उदयसिंहाला वाहतूक, फिजिओथेरपिस्ट मधुरिमाला आरोग्य. मी बिनखात्याचा मंत्री झालो. माझी पात्रता एवढीच, की मी बैठकीला वेळेवर येतो.

एक पद्धत मात्र कडक होती. ज्या खात्याचं काम, त्याच मंत्र्याची कागदावर सही. पंतप्रधान दुसऱ्याच्या खात्यात हात घालत नाहीत.

गेल्या सोमवारी लिफ्ट बंद पडली. तिसऱ्या मजल्यावरच्या प्रेमलताकाकूंचं गुरुवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. गुडघे गेलेले, जिना उतरणं अशक्य. तारीख चुकली तर पुढची दोन महिन्यांनी, आणि दुसरा डोळा आधीच निकामी.

मंगळवारी मेकॅनिक आला. कामाला लागायला त्याला एक सही हवी होती.

"लिफ्ट कोणाच्या खात्यात?" जयसिंगरावांनी विचारलं.

"मोटर ठीक आहे भिया, मी पाहिली," संजीव म्हणाला. "डबा अडकलाय. मतलब वाहतूक."

"वाहतूक रस्त्यावरची असते," उदयसिंह म्हणाले. "ही तर उभी जाते. माझं काय काम?"

सगळ्यांनी मधुरिमाकडे पाहिलं.

"माझ्याकडे नका पाहू हं. काकू हॉस्पिटलात पोचल्या की मग त्या आरोग्य. तोवर त्या रहिवासी आहेत."

"सर, तुम्हीच करून टाका ना सही," मी म्हणालो.

"मी?" जयसिंगराव दुखावले. "मग मंत्रिमंडळ कशाला नेमलं?"

त्यांनी तीन मंत्र्यांचा गट नेमला. गट आपली व्याप्ती ठरवत होता, तेवढ्यात मेकॅनिक घड्याळ बघून म्हणाला, "भिया, अब शनिवार को आऊँगा," आणि गेला. दुसऱ्या मेकॅनिकला बोलवावं, असं मी सुचवलं. त्या पत्रावर सही कोणाची, यावर बुधवार संपला.

गुरुवारी सकाळी आठला काकूंनी आम्हा सहाही जणांना वर बोलावलं. दारात वेताची खुर्ची मांडलेली, काकू नेसून-सवरून तीत बसलेल्या. मांडीवर तपासण्यांची फाइल.

"जयसिंगराव, दिवाळीला परिपत्रक काढलं होतं ना तुम्ही? मंत्रिमंडळ सामूहिकपणे जबाबदार असतं म्हणून?"

"हो काकू, ते घटनेचं तत्त्वच आहे."

"मग धरा पाय."

पाय चार, मंत्री सहा. रघुवीरने चपळाईने काकूंची पिशवी उचलली. मला फाइल मिळाली. बिनखात्याला तेवढंच झेपतं. जयसिंगराव दिशा दाखवायला पुढे सरकले.

"नाही हं," काकू म्हणाल्या. "पंतप्रधान समानांमधला पहिला. पहिला पाय तुमचा."

तीन मजले. दुसऱ्या वळणावर उदयसिंह आणि संजीव यांच्यात मतभेद झाला, तेव्हा खुर्ची उजवीकडे कलली.

"अरे, मी पडले तर सरकार पडेल हो!" काकू ओरडल्या.

मधुरिमा पहिल्यांदाच खात्याच्या अधिकाराने बोलली : "संजीव, कंबर नको वाकवूस, गुडघे वाकव." सरकार सावरलं. जयसिंगराव घामाने निथळत होते, पण एका पायरीवरही कुणाच्या खात्यात काय येतं ते त्यांनी विचारलं नाही.

फाटकात काकूंची मुलगी रिक्षा घेऊन थांबली होती. काकू आत बसल्या आणि म्हणाल्या, "चारला परत येईन. सगळे या. चढायला जास्त जोर लागतो."

चारला पाच मिनिटं कमी असताना आम्ही सहाही जण फाटकात उभे होतो. बैठकीला एवढी हजेरी दोन वर्षांत कधी लागली नव्हती.