अण्णांचे छोले

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, एकोणीस वर्षं फौजेत होते. पेन्शनीवर गावी आले तेव्हा मी सातवीत होते. इस्लामपूरजवळच्या आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळं त्याचं कुणाला फारसं अप्रूप नव्हतं. पण अण्णा पारावर बसून बर्फाच्या आणि खिंडीतल्या वाऱ्याच्या गोष्टी सांगायला लागले की उसाला पाणी पाजायला निघालेली माणसंही थांबायची. घरात मात्र ते प्यायचं पाणीसुद्धा स्वतः घेत नसत. तांब्या हाताशी असला तरी आईला हाक जायची. आम्हाला त्यात वावगं वाटत नसे. शेजारच्या घरांतूनही तशाच हाका ऐकू यायच्या.

मी मुलगी, म्हणून माझी परीक्षा भाकरीवर. माझी भाकरी काही केल्या गोल व्हायची नाही, आणि झालीच तर तव्यावर टाकताना फाटायची. हिचं सासरी कसं होणार, हे शेजारची काकू मला नियमानं ऐकवायची. पुढं मी शेतीचं शिक्षण घेतलं, एका कारखान्याच्या माती तपासणीच्या प्रयोगशाळेत लागले, मोटारसायकलवरून रानोरान फिरून मातीचे नमुने आणायला लागले. तरी भाकरीवरून बोलणी खायचं काही चुकलं नाही.

तीन वर्षांपूर्वी आई गोठ्यात पाय घसरून पडली आणि उजवं मनगट मोडलं. मिरजेला नेऊन प्लॅस्टर घातलं. नेमके त्याच आठवड्यात रविवारी वाईहून मला बघायला पाहुणे यायचे होते, आणि आईनं त्यांना जेवायलाच बोलावून ठेवलं होतं. सांगलीच्या मावशीला फोन केला, तर तिच्या घरी आजारपण. खानावळीतून डबे मागवू, असं मी सुचवलं. पाहुण्यांपुढं विकतचं वाढायचं या कल्पनेनंच आईला रडू यायला लागलं. अण्णा शनिवारी दुपारी गाडी काढून इस्लामपूरला गेले आणि दोन पिशव्या भरून सामान घेऊन आले.

रविवारी उजाडता उजाडता मी स्वयंपाकघरात गेले तर अण्णा शर्टाच्या बाह्या दुमडून ओट्याशी उभे. समोर मोठ्या पातेल्यात टम्म भिजलेले काबुली चणे.

"दार लाव," ते म्हणाले. "खिडकी बी लाव."

मी दोन्ही लावलं. मग त्यांनी कांदे पुढं ढकलले आणि खालच्या आवाजात सांगून टाकलं. फौजेत ते कुक होते. बंदुकीचं शिक्षण सगळ्यांना असतं, तसं त्यांनाही होतं. पण त्यांची एकोणीस वर्षं लंगरात, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात, मोठाल्या भगोन्यांपुढं गेली. बर्फाच्या गोष्टी खऱ्या होत्या. त्या बर्फात पहाटे तीनला उठून स्टोव्ह पेटवणारा माणूस कोण, तेवढंच ते पारावर सांगत नसत.

"गडी माणूस बारा गाव फिरून आला आणि चपात्या लाटून आला, आसं कोण सांगंल?" ते म्हणाले.

मला हसू आलं नाही. मी त्यांच्या हातांकडं बघत बसले. त्या हातांना इतकं घाईत आणि इतकं मजेत मी कधी बघितलं नव्हतं. पीठ तिंबून झालं, पुऱ्या भराभर लाटून झाल्या, कढईत एका वेळी पाच पाच फुगायला लागल्या. मध्येच अण्णा माझ्यावर हिंदीत ओरडायचे, प्याज लाओ, जल्दी करो, आणि मीही जवानासारखी धावायचे. खिरीला उकळी फुटली तेव्हा आमचं ठरलं : पाहुण्यांनी विचारलं तर स्वयंपाक मी केला म्हणायचं. त्यात दोघांचीही अब्रू राहत होती.

घोळ एकच झाला. अण्णांना शंभर माणसांचा अंदाज होता, सातांचा नव्हता. चार किलो चणे भिजवले होते.

अकराला पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक मामा. जेवायला बसल्यावर पहिली दहा मिनिटं सगळे नुसते खातच होते. मग मुलाची आई माझ्याकडं बघून म्हणाली, पोरीच्या हाताला चव आहे. मी ठरल्याप्रमाणं मान खाली घातली.

"पण छोल्यांना हा काळपट रंग कसा आणलास?" त्यांनी विचारलं.

"मसाल्यानं," मी म्हटलं.

अण्णा भिंतीशी उभे होते. खोटं त्यांना चाललं असतं, पण चूक चालली नाही.

"मसाल्यानं न्हाई येत त्यो," ते म्हणाले. "चणं शिजताना चहाच्या पत्तीची पुरचुंडी सोडायची आत."

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. अण्णांनी पाय जुळवले, साहेबापुढं उभं राहावं तसे ताठ उभे राहिले. "मी केलंय समदं. फौजेत मी कुक हुतो. पोरीनं निस्तं कांदं चिरलं."

माझे कान तापले. मुलाला ठसका लागला. त्याच्या आईनं ताट जरा पुढं सरकवलं आणि म्हणाली, "मग आणखी दोन पुऱ्या वाढा."

अण्णांनी वाढल्या. मग त्या बाईंनी मला विचारलं, तुला काय येतं? माती तपासता येते, मी सांगितलं. तर म्हणाल्या, आमच्या हळदीच्या रानाला दोन वर्षं झाली पिकाचा उतारा नाही, ते बघायला येशील का? मी येते म्हटलं. लग्नाची बोलणी त्यानंतर झाली, पण माझ्या लेखी ती तिथंच झाली होती.

पाहुणे गेले तरी पातेलं अर्ध्याच्या वर भरलेलं. टाकायचं तर शक्य नव्हतं. आईनं गळ्यात अडकवलेल्या हातासकट दारात जाऊन गल्लीला हाका मारल्या आणि ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, आमच्या मालकांनी रांधलंय, जेवायला या. अण्णा मागून आगं, आगं करत राहिले. पारावरची माणसं आली, त्यांच्या बायका आल्या, काकू आली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "गड्या, तिकडं निस्ती बंदूक न्हवती व्हय रं?" सगळे हसले, अण्णाही हसले, आणि म्हाताऱ्यानं तिसऱ्यांदा वाटी पुढं केली.

ताटं उचलताना अण्णांनी आईला विचारलं, तुला नवल वाटलं नाही का.

"पयल्या सुट्टीला आला तवाच कळलं हुतं," आई म्हणाली. "हातावर तेलाचं डाग. तेलाचा डाग मला वळखंना व्हय?"

"मग बोलली न्हाईस कवा."

"तुमी बोलायची वाट बघत हुते."

अण्णांनी मग तिच्यासाठी पुन्हा कढई तापवली, आणि दार उघडंच ठेवलं.

आठ दिवस पारावर थट्टा झाली. नवव्या दिवशी तिथलाच एकजण परसदारानं येऊन, बायकोला बरं नाही, खिचडी कशी लावायची, असं विचारून गेला.

गेल्या महिन्यात आईअण्णा वाईला आमच्याकडं आले होते. मला नमुने आणायला जायचं होतं, म्हणून मी सकाळीच मोटारसायकल काढली. माघारी आले तेव्हा स्वयंपाकघरात अण्णा आणि माझा नवरा दोघंही पिठानं माखलेले, आई आणि सासूबाई बाहेर सोप्यात पाय पसरून बसलेल्या. माझ्यासाठी चार पुऱ्या झाकून ठेवल्या होत्या. दोन टम्म फुगलेल्या होत्या, दोन नवऱ्यानं केल्या होत्या. मी चारही खाल्ल्या.