मला सॅलड आवडत नाही

माझा डबा मॅडमनी दोन बोटांत धरला आणि दाराबाहेर, चपलांशेजारी नेऊन ठेवला. झाकण उघडलंसुद्धा नव्हतं.

महाडचा जर्मनचा क्लास. आम्ही नऊ नर्स. आठजणी पंचविशीच्या आतल्या, नववी मी, पंचेचाळिशीची, रोज चष्मा विसरणारी. त्या दिवशी धडा आवडत्या जेवणाचा होता. प्रत्येकीनं आपला पदार्थ आणायचा, जर्मनमध्ये सांगायचं, मला हे खायला आवडतं. मग सगळ्यांनी चाखायचं.

मला तर आधी आठवावंच लागलं. नवऱ्याला काय आवडतं, मुलांना काय, सासूला काय, सगळं तोंडपाठ. मला काय आवडतं हे बावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा जर्मनांनी विचारलं.

वजडी. बोकडाची आतडी, चुन्यानं घासून, गरम पाण्यात धुऊन पांढरी केलेली. पोलादपूरजवळच्या आमच्या बौद्धवाडीत ती शिजली की घर लवकर जेवायला बसतं. कंपनी बंद पडल्यापासून नवरा घरीच. त्यानंच बसून साफ केली. म्हणाला, "नीट बोल गो. वजडीची इज्जत राख."

मी उभी राहिले. "इश एस्से गेर्न वजडी." वजडी म्हणजे काय, कुणीतरी विचारलं. मी सांगितलं. शेजारणीनं खुर्ची सरकवली. मॅडम हसून म्हणाल्या, "अहो, हे तुमच्या वाडीत ठीक आहे. तिकडे सांगताना सॅलड म्हणा." आणि डबा बाहेर गेला.

मी सॅलड म्हणाले. हो, म्हणाले. महिनाभर घोकलं. मॅडम सराव-मुलाखतीत ज्यांना पास करतील, त्यांचीच नावं जर्मनीतल्या हॉस्पिटलला जाणार होती. पुढच्या वर्षी मी वयात बसणार नव्हते. इथल्या पगारात घर चालत नव्हतं. तो डबा मी त्या दिवशी एसटी स्टँडच्या मागे, भिंतीकडे तोंड करून एकटीनं संपवला. घरी सांगितलं, सगळ्यांना आवडली.

पुढच्या धड्यात वुर्स्ट आलं, म्हणजे सॉसेज. जर्मनांचं लाडकं. मॅडमनी मोबाईलवर फोटो दाखवले, मुली वा वा म्हणाल्या. मी विचारलं, वरचं साल कशाचं? मॅडम अडखळल्या. आतड्याचं, म्हणाल्या, पण ते वेगळं. कसं वेगळं?

"ते स्वच्छ असतं."

चुन्यानं सोललेले नवऱ्याचे हात मला दिसले. त्या दिवशी मी वहीत एक अक्षर लिहिलं नाही.

सराव-मुलाखतीत तोच प्रश्न आला. काय आवडतं? मी वजडी म्हणाले. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये कशी धुतात तेही सांगितलं. क्रियापदं सगळी चुकली असतील. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"आपलं काय ठरलं होतं?"

"तुमचं ठरलं होतं, मॅडम."

त्यांनी माझं नाव खोडलं. माझ्यासमोर, पट्टी लावून.

घरी सगळं सांगितलं. स्टँडमागचंही.  नवरा म्हणाला, "आता दुसरा रस्ता नाय आपल्याला." खरं होतं ते. 

पण जर्मनच्या परीक्षेचा फॉर्म कुणालाही भरता येतो, क्लासच्या शिक्क्याशिवाय. तो मी भरलाय. पुण्याला एकटी जाणार. हॉस्पिटलला अर्जही मीच लिहिणार, चुकतमाकत. नापास झाले तर जर्मन आलं नाही म्हणून होईन. दुसऱ्याची आवड तोंडात धरून मला पास व्हायचं नाही.