हुमणी आणि नात

माझी धाकटी बहीण गोल्फच्या मैदानावर हिरवळ राखण्याच्या कामाला आहे. तिच्याविषयी लिहिताना मला पुन्हा मळमळणार आहे, याची कल्पना आधीच देऊन ठेवते.

लांबून ते मैदान इस्त्री केल्यासारखे दिसते. परंतु उन्हाळा सरत आला की झेंड्याभोवतीच्या गवतावर पिवळे डाग पडतात आणि पायाखालची जमीन पोकळ लागते. बहीण गुडघ्यांवर बसून सुरीने गवत तीन बाजूंनी कापते व सतरंजीसारखे उलटे करते. मुळे खाल्ली गेल्यामुळे ते सहज उचलले जाते. खाली हुमणी असते. पांढुरक्या, गलेलठ्ठ, मुटकुळी करून पडलेल्या त्या अळ्या. शेपटाकडे कातडीतून आतली काळी घाण दिसते. एकेक अळी चिमटीत धरून साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाकायची. चिमूट जरा आवळली गेली की ती फुटते. मग हाताला जो वास येतो, तो कुजक्या गवताचा म्हणावा की नासलेल्या दुधाचा, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.

बहिणीला लहानपणापासून किळस फार. ताटात केस दिसला तर ती उपाशी उठत असे. नवरा वारल्यावर पोटासाठी तिने हे काम धरले. सोबतच्या बायका तिला हुमणीबाई म्हणू लागल्या, तेही तिने ऐकून घेतले.

यंदा तिला नात झाली. सुनेने पहिल्याच दिवशी सांगितले, "आई, राग मानू नका, पण त्या हातांनी बाळाला घेऊ नका." बहिणीने राग मानला नाही, तिला स्वतःलाच आपले हात नकोसे होते. मात्र नात रडत असताना हात पाठीमागे धरून उभे राहणे तिला सोसवेना. तिने मुकादमाकडे दुसरे काम मागितले.

मुकादम हसून म्हणाला, "मावशी, फवारणी घ्या. अळीचं तोंडसुद्धा बघायला नको."

पाठीवर पंप, हातांत मोजे, तोंडाला फडके. काम स्वच्छ आहे असे समजून सूनही खूश झाली. औषध मुरल्यानंतरच्या सकाळी मात्र हुमणी आपणहून वर आली होती. अर्धमेल्या, काळपट, फुगलेल्या अळ्या आणि त्यांवर माशांचे थर. खेळणारे येण्याआधी त्या बादलीत भरायच्या होत्या. कडेला दोन साळुंक्या चोची वासून मरून पडल्या होत्या. एकीच्या घशात अळी तशीच होती. मुकादमाने त्याही बादलीत टाकायला लावल्या. तेवढ्यात पहिला खेळाडू आला, हिरवळ छान राखल्याबद्दल शाबासकी दिली, गवतावरून चेंडू उचलला आणि जिभेने चाटून विजारीला पुसला.

त्या संध्याकाळी बहिणीने अंग घासघासून स्नान केले. सुनेने आनंदाने बाळ तिच्या मांडीवर दिले. बाळाने तिचे बोट धरले आणि तोंडात घातले. बहिणीने ते हिसकून काढले. बाळ किंचाळले. सून दुखावून म्हणाली, आता तुम्हालाच नात नकोशी झाली का?

बहिणीने साळुंक्यांचे आणि चेंडूचे सगळे सांगितले. मग म्हणाली, "हुमणीची घाण पाण्यानं जाते गं. ही औषधाची जाते की नाही, ते मी मुकादमाला विचारलं. तो नुसता हसला."

सून ओल्या फडक्याने बाळाचे तोंड पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी बहिणीने सुरी आणि डबा परत मागितला. लोक हुमणीपासून पळतात आणि तुम्ही तिच्याकडे माहेरी निघालात, असे मुकादमाने सर्वांसमोर ऐकवले. बायका पोट धरून हसल्या.

मागच्या आठवड्यात मी तिच्या घरी गेले होते. बहीण कामावरून आली आणि मोरीत बराच वेळ हात घासत बसली. तरी वास खोलीभर पसरलाच. सुनेने विचारले, "धुतलेत ना?"

"धुतलेत."

सुनेने श्वास रोखला, मान भिंतीकडे वळवली आणि तशीच हात लांबवून बाळ तिच्या मांडीवर ठेवले. बाळाने बोट धरले. ते तोंडात गेले, तेव्हा बहिणीने डोळे गच्च मिटले; परंतु बोट काढले नाही.

मला मात्र त्या खोलीत चहा गेला नाही.